जुन्या गाडीचं इंजिन ऑइल आणि त्याचं जोडसामान: कोकणातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा माडाखाली ताडपत्री घालून ठेवलेल्या अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी, विलीज जीप, स्टँडर्ड हेरल्ड, मॉरिस मायनर, जुन्या शेवरले आणि फोर्ड यांच्या मालकांसाठी ही उत्तरं आहेत. या गाड्या वर्षाला फार तर हजार-दोन हजार किलोमीटर चालतात. त्यांची इंजिनं पळून झिजत नाहीत, उभी राहून गंजतात. म्हणून इथे प्रत्येक वस्तू एकाच कसाला लावली आहे: खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत ती इंजिनाच्या उपयोगाची आहे का?

एकच वस्तू घ्यायची असेल तर कोणती घ्यावी?

ऑइल प्रेशर गेज, तोही मेकॅनिकल. म्हणजे इंजिनातून बारीक नळीने ऑइल थेट काट्यापर्यंत येतं तो.

डॅशबोर्डवर लाल दिवा आहे, मग गेज कशाला?

दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पौंडांच्या (दर चौरस इंचाला, म्हणजे पीएसआय) खाली प्रेशर गेलं की दिवा लावतो. चालत्या गाडीत प्रेशर तिथपर्यंत उतरलं, तर तोवर बेअरिंगच्या शेलवर ओरखडे उठलेले असतात. गेज मात्र महिनाभर आधी सांगतो की मागच्या वेळी गरम इंजिनावर ४५ पौंड होते, आज ३५ आहेत. दिवा काढू नका. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही ठेवा.

गेज बसवताना कुठे चुकतं?

सर्वांत आधी आट्यांमध्ये. ब्रिटिश इंजिनांवर बहुधा बीएसपी (ब्रिटिश मापाचे पाइपचे) आटे असतात, अमेरिकन इंजिनांवर एनपीटी (अमेरिकन मापाचे), आणि फियाटच्या इंजिनावर मेट्रिक. १/८ इंची बीएसपीला इंचाला २८ आटे असतात, १/८ एनपीटीला २७. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर दिला की ब्लॉकमधले आटे जातात. हाताने निदान चार फेरे सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर जुना स्विच घेऊन लेथवाल्याकडे जा आणि पितळेचा अ‍ॅडॅप्टर करून घ्या.

दुसरी चूक नळीची. तांब्याची नळी इंजिनाच्या हादऱ्यांनी कडक होत जाते आणि फ्लेअरच्या (जोडासाठी पसरवलेल्या टोकाच्या) मुळाशी चिरते. इंजिन आणि फायरवॉल यांच्यामध्ये नळीला दोन इंच व्यासाची दोन-तीन वेटोळी द्या, म्हणजे हादरा तिथे जिरेल. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. स्टार्टरच्या टर्मिनलजवळून नळी नेऊ नका. ती तिथे टेकली की शॉर्ट होऊन नळीला भोक पडतं आणि गरम ऑइल एक्झॉस्टवर उडतं. नायलॉनची नळी बसवायला सोपी, पण बॉनेटखालच्या उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होते. आमचं मत तांब्याच्याच बाजूने आहे. एसी-फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांकडे बारीक तांब्याची नळी आणि फ्लेअर करायचं हत्यार दोन्ही मिळतं. कडक झालेली नळी मंद लाल होईपर्यंत तापवून गार केली की पुन्हा मऊ होते.

टेफ्लॉन टेप वापरू नका. तिचे धागे तुटून ऑइलच्या वाटेत जातात. फ्लेअरच्या जोडाला तर सीलंट लागतच नाही.

किती पौंड प्रेशर बरोबर समजायचं?

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघा. सकाळी थंड इंजिनावर काटा वर चढलेला दिसतो, त्यावर विसंबू नका. ढोबळ नियम असा की दर हजार आरपीएमला १० पौंड. अँबॅसडरमधलं १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन चांगलं असेल तर गरम असताना रस्त्यावर ५०च्या आसपास आणि आयडलला १५-२० पौंड दाखवतं. विलीजचं चार सिलिंडर इंजिन मुळातच कमी प्रेशरचं आहे. आयडलला १० आणि ५५ किलोमीटर वेगाला ३५ पौंड असले की त्याची तब्येत ठीक. जीपवाल्याने अँबॅसडरचे आकडे बघून घाबरू नये.

प्रेशर कमी दिसतंय. इंजिन उघडावं लागेल का?

लगेच नाही. क्रमाने जा. पहिल्यांदा ऑइलची पातळी. मग डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं आणि पातळी उलट वाढलेली असली, तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उतरतंय. पंप दुरुस्त करा आणि ऑइल बदला, प्रेशर परत येतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचे डायफ्रॅम लवकर जातात, म्हणून हे आता जास्त दिसतं. नवीन डायफ्रॅम घेताना इथेनॉल सोसणारा आहे का, ते विचारा.

त्यानंतर दुसरा, खात्रीचा गेज लावून पाहा, कारण जुन्या गेजचा काटा बऱ्याचदा खोटं बोलतो. मग रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) उघडा. त्याच्या बैठकीवर एक कचऱ्याचा कण अडकला तरी प्रेशर पडतं. स्प्रिंगच्या मागे वायसर टाकून प्रेशर वाढवायची जुनी युक्ती आहे. स्प्रिंग खरंच ढिली पडलेली असेल तरच ती योग्य. झिजलेल्या बेअरिंगवर तिने आकडा थोडाफार सुधारतो, झीज तिथेच राहते. यानंतर चेंबर उतरवून पिकअपची जाळी साफ करा. ऑइल पंप आणि बेअरिंग शेवटी.

पंप काढलाच, तर बसवण्याआधी त्याच्या दात्यांमध्ये व्हॅसलीन भरा. कोरडा पंप ऑइल खेचत नाही. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही आणि बारीक वाटा अडवतं.

विलीजच्या डोक्यावरचा डबा-फिल्टर काढून नवीन स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायचा) फिल्टर लावता येईल का?

येईल, पण तो डबा काय करतो हे आधी नीट समजून घ्या. तो बायपास फिल्टर आहे. पंपाचं सगळं ऑइल त्यातून जात नाही. थोडंसं बारीक वाटेने जातं, हळूहळू गाळून चेंबरमध्ये परत पडतं. त्या वाटेत साधारण दीड मिलिमीटरचं भोक असलेला अडथळा असतो, कधी फिटिंगमध्ये, कधी डब्याच्या आतल्या नळीत. तो अडथळा नसला तर ऑइल सोपी वाट पकडून फिल्टरमधूनच फिरत राहतं आणि मेन बेअरिंगला प्रेशर उरत नाही. दुरुस्तीत हे भोक ‘चोकअप झालंय’ म्हणून ड्रिलने मोठं केलेलं आढळतं. नवीन फिल्टर लावून आयडलचं प्रेशर अर्ध्यावर आलं असेल तर आधी हेच तपासा.

स्पिन-ऑन लावायचा असेल तर बायपास म्हणूनच लावा, वाटेत तो अडथळा ठेवून. ब्लॉकमध्ये फुल-फ्लोची (सगळं ऑइल फिल्टरमधूनच नेणारी) वाट नसताना टी मारून ‘फुल-फ्लो केला’ असं होत नाही.

त्या डब्याच्या नळ्या दरवर्षी पाहा. एक नळी तुटली तर पंप काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर ओततो. चेंबरमध्ये एकूण चार क्वार्ट, म्हणजे ३.८ लिटर, आणि फिल्टर बदलताना एक क्वार्ट जास्त, एवढंच ऑइल असतं. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढताना असं झालं तर वरच्या वळणापर्यंत इंजिन टिकणार नाही. जेसीबी आणि मच्छीमार बोटींसाठी हायड्रॉलिक होज करून देणारी दुकानं रत्नागिरी-चिपळूण भागात आहेत. तिथून ऑइल आणि उष्णता सोसणारा होज, दोन्ही टोकांना क्रिंप केलेल्या फिटिंगसह करून घ्या. पाण्याचा रबरी पाइप आणि क्लिप हा उपाय नाही.

अँबॅसडरचा वाटीतला फिल्टर बदलला की गळती सुरू होते.

वाटीच्या वरच्या खाचेत जुनी रबरी रिंग चिकटून राहते आणि तिच्यावरच नवीन बसवली जाते. दोन रिंगा झाल्या की बोल्ट कितीही आवळला तरी गळणारच. टोकदार सुईने जुनी रिंग उचकटून काढा, खाच कॉटन वेस्टने पुसा, नवीन रिंगला ऑइल लावून बसवा. वाटीच्या तळाशी स्प्रिंग, वायसर आणि एलिमेंट धरणारी बैठक असते. काढताना क्रमाचा फोटो घ्या. स्प्रिंग विसरली तर एलिमेंट वर दाबून बसत नाही आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. बाहेर काहीच कळत नाही, म्हणून ही चूक गळतीपेक्षा वाईट.

आमच्या जुन्या शेवरलेला फिल्टरच नाही. बसवू का?

१९५३पर्यंतच्या बऱ्याच शेवरले सहा-सिलिंडर इंजिनांत कनेक्टिंग रॉडना प्रेशरने ऑइल मिळत नाही. रॉडच्या टोकाचे चमचे चेंबरमधल्या ऑइलमध्ये बुडतात. त्यांचा गेजच ३० पौंडांपर्यंतचा असतो आणि १४-१५ पौंड हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. १९५४पासून सगळ्या शेवरलेंना पूर्ण प्रेशरचं इंजिन आलं. चमच्यांच्या इंजिनाला बायपास फिल्टर चालतो, फुल-फ्लोची खटपट करू नका. जाड ऑइलही घालू नका. एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० ठीक. २०डब्ल्यू-५० सकाळच्या पहिल्या मिनिटात चमच्यांपर्यंत वेळेवर पोचत नाही. १९२८ ते १९३१च्या फोर्ड मॉडेल ए लाही हेच लागू. तिला मुळात फिल्टर नाही आणि ऑइलचा गेजही नाही. दर ८०० किलोमीटरला ऑइल बदला, तोच तिचा फिल्टर.

कोणतं ऑइल? झिंकबद्दल खूप ऐकतो.

ऐकता ते खरं आहे. या इंजिनांचे टॅपेट कॅमवर घासत चालतात, रोलर नसतात. तिथे झिंक-फॉस्फरसचं संयुग धातूवर थर धरून ठेवतं. नवीन गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस बाधतो म्हणून एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या एसएम आणि त्यानंतरच्या दर्जांत त्यावर कडक मर्यादा आली. पण ती मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५०ला नाही. अँबॅसडर, पद्मिनी, हेरल्ड, विलीज यांना चांगल्या कंपनीचं मिनरल २०डब्ल्यू-५० आपल्या हवेत योग्य बसतं. नव्याने बांधलेल्या इंजिनाला १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइलही चालतं. महागडं सिंथेटिक घेऊ नका. तो पैसा दर वर्षी ऑइल बदलण्यात घाला.

एक सावधगिरी. वीस वर्षं बंद असलेल्या इंजिनात तळाला मळी साचलेली असते. त्यात डिटर्जंट असलेलं नवीन ऑइल घालून थेट गोव्याला निघालात, तर सुटलेली मळी पिकअपच्या जाळीवर बसते. आधी चेंबर उतरवून हाताने साफ करा.

फिलर कॅपखाली ताकासारखा पांढरा थर दिसतो. हेड गॅस्केट गेलं का?

पावसाळ्यात बहुधा नाही. इंजिन पेट्रोल जाळतं तेव्हा पाण्याची वाफ तयार होते आणि थोडी रिंगांमधून चेंबरमध्ये उतरते. गाडी घरापासून बाजारापर्यंत तीन किलोमीटर जाऊन आली, तर ऑइल एवढं तापतच नाही की वाफ बाहेर पडावी. ती थंड कव्हरवर ऑइलमध्ये मिसळून बसते. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर कॅप पुसा आणि गाडी एकदा २५-३० किलोमीटर सलग पळवा. डिपस्टिकवरच थर असेल आणि पाणीही घटत असेल, तर हेड गॅस्केट बघा.

ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी वाट) आणि खाली सोडलेली नळी यांचं काय?

कोकणात ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू. जुन्या इंजिनाला गाडीखाली उघडणारी नळी असते. गाडी चालली की खालून वाहणारा वारा त्या नळीतून चेंबरमधली वाफ ओढतो. साधारण ४० किलोमीटरच्या आतल्या वेगाला ती काहीच ओढत नाही, म्हणजे बाजारातल्या फेरीत वाफ आतच. उपाय दोन. एक, फिलर कॅपमधली जाळी दर ऑइल बदलाला डिझेलमध्ये धुऊन, झटकून, ऑइलचा हात लावून परत बसवा. लाल मातीने ती जाळी गच्च झालेली असते. दोन, मॅनिफोल्डला जोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे चेंबरमधली वाफ इंजिनाच्या ओढीने खेचून घेणारा. बऱ्याच विलीज इंजिनांवर तो मूळचाच आहे आणि कुणीतरी बंद करून टाकलेला असतो. तो साफ करून चालू करा. दुसऱ्या गाडीला लावायचा असेल तर कमी सीसीच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह घ्या आणि त्यानंतर कार्ब्युरेटरचं आयडल मिक्श्चर पुन्हा जुळवा. नाहीतर आयडल थरथरतं.

ऑइल बाथ एअर फिल्टर ठेवावा की कागदाचा लावावा?

ठेवावा. दमट हवेत कागद फुगतो, ऑइल बाथला त्याचं काही नाही. वाटी डिझेलने धुवा, वरची जाळी डिझेलमध्ये बुडवून निथळू द्या, वाटीत आतल्या रेषेपर्यंतच इंजिन ऑइल भरा. रेषेच्या वर भरलं तर ऑइल कार्ब्युरेटरमध्ये खेचलं जाऊन निळा धूर येतो आणि मालक रिंगा बदलायला निघतो. वाटीतला गाळ अर्धा इंच झाला की बदला. मार्च ते मे जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर हजार किलोमीटरलाच तेवढा होतो. पाण्यातून गाडी काढल्यावर वाटी उघडून बघाच.

डायनामो आणि डिस्ट्रिब्यूटरच्या तेलाच्या जागा?

ल्युकास डायनामोच्या मागच्या टोकाला बारीक भोक असतं. ५००० किलोमीटरला इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झालं की ते कम्यूटेटरवर जातं आणि चार्जिंग बंद पडतं. डिस्ट्रिब्यूटरचा रोटर उचलून खालच्या स्क्रूवर दोन थेंब, कॅमवर ग्रीसचं नुसतं बोट. एसयू कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या डॅशपॉटमध्ये पातळ ऑइल, एसएई २०. २०डब्ल्यू-५० घातलं तर पिस्टन हळू उठतो.

हेरल्डवाल्यांसाठी, इंजिनाचं नसलं तरी सांगायलाच हवं: पुढच्या चाकाच्या ट्रनियनमध्ये (चाक वळवणाऱ्या खालच्या आट्यांच्या सांध्यात) ग्रीस नको, गिअरचं ९० नंबर ऑइल घाला. ग्रीस आट्यांत पोचत नाही, पाणी पोचतं, आणि एक दिवस चाक आडवं पडतं.

पेट्रोलमध्ये मिसळायचं अपर सिलिंडर ऑइल आणि त्याची काचेची बाटली?

जुन्या काळी मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बाटल्या मिळत, त्या बॉनेटखाली छान दिसतात. उपयोग मर्यादित. बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीत वरच्या रिंगा आणि व्हॉल्व्हच्या दांड्या गंजू नयेत यासाठी थोडी मदत होते. १० लिटर पेट्रोलला ३० मिलिलिटर पुरे. शिसं नसलेल्या पेट्रोलमुळे झिजणाऱ्या व्हॉल्व्ह सीटचं काम मात्र यातून होत नाही. त्यासाठी कडक सीट बसवावी लागते.

ऑइल कूलर लावू का? घाट आहेत म्हणून.

नको. आपल्या गाड्यांचं दुखणं ऑइल जास्त तापण्याचं नाही, पुरेसं न तापण्याचं आहे. थर्मोस्टॅट नसलेला कूलर लावला तर ऑइलमधलं पाणी कधीच उडून जाणार नाही.

अ‍ॅल्युमिनियमची पन्हाळीदार टॅपेट कव्हरं आणि फिल्टरचे डबे?

हॉट रॉडची (हौसेने सजवलेल्या वेगवान जुन्या गाड्यांची) शोभा आहे, हौस असेल तर लावा. पण समुद्रापासून दोन-चार किलोमीटरवर राहता तर अ‍ॅनोडाइज केलेलंच घ्या. नुसतं पॉलिश केलेलं एका पावसाळ्यात पांढऱ्या भुकटीने भरतं. अ‍ॅल्युमिनियमला पितळी फिटिंग थेट लावली तर खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. आट्यांना अँटी-सीझ लावा.

पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची आहे.

मे अखेर गाडी गरम करून जुनं ऑइल काढा, नवीन भरा. जुन्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. चेंबर प्लगचा तांब्याचा वायसर तापवून मऊ करा किंवा नवीन घ्या. पाच मिनिटं इंजिन चालवून दोन किलोमीटर फिरवल्यानंतर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० मिलिलिटर ऑइल सोडा, हँडलने चार-पाच फेरे फिरवा, प्लग लावा. एक्झॉस्ट आणि एअर फिल्टरचं तोंड ऑइल लावलेल्या फडक्याने बंद करा, आणि बॉनेटवर तशी चिठ्ठी बांधा. दर आठवड्याला पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवायची सवय मोडा. त्याने प्रत्येक वेळी आत पाणीच तयार होतं. एकतर २५ किलोमीटर पळवा नाहीतर हात लावू नका.

गणपतीला गाडी काढताना प्लग काढून स्टार्टर फिरवा, गेजचा काटा उठेपर्यंत. मगच प्लग लावून चालू करा.

गाडी पुरात बुडाली तर?

२२ जुलै २०२१च्या वाशिष्ठीच्या पुरात चिपळुणात अनेक गाड्या छतापर्यंत पाण्यात गेल्या. अशा वेळी इंजिन वाचतं की जातं, ते पहिल्या दिवशी काय केलं यावर ठरतं. स्टार्टर मारू नका, ढकलूनही सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, रॉड वाकतो.

बॅटरी सोडा. प्लग काढा. चेंबर प्लग हळूच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने आधी पाणी येतं, मग ऑइल. फिल्टर, एअर फिल्टरची वाटी, कार्ब्युरेटर, पेट्रोल टाकी, गिअरबॉक्स, डिफरन्शियल सगळं रिकामं करा. पाणी खाडीचं, भरतीचं असेल तर सिलिंडर आणि चेंबर आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ डिझेलमध्ये विरघळत नाही. मग सिलिंडरमध्ये डिझेल सोडून हँडलने फिरवा, निथळू द्या, ऑइल सोडा. डायनामो आणि स्टार्टर उघडून उन्हात वाळवा.

नवीन साधं ऑइल आणि फिल्टर घालून दहा मिनिटं आयडलवर चालवा, गरम असतानाच काढा. ऑइल दुधाळ निघालं तर पुन्हा. बहुधा दोन-तीन वेळा लागतं. स्वच्छ आलं की कायमचं ऑइल भरा आणि पुढचा बदल ५०० किलोमीटरलाच करा.

काढलेल्या ऑइलचं काय करावं?

वाळवीसाठी कुंपणाच्या खांबांना फासण्याची पद्धत आहे, ती सोडा. जांभ्यातून ते थेट विहिरीत झिरपतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडे जाईल अशा गॅरेजला द्या. द्यायच्या आधी कॅन एक रात्र स्थिर ठेवून तळाशी पाणी किंवा चकाकणारे कण बसलेत का ते पाहा. तांबूस कण दिसले तर ते बेअरिंगच्या शेलचे आहेत, चेंबर उतरवायची वेळ आली आहे.